पाण्यात बुडणारा मासा

उन्हाळ्यात अकोल्याच्या मासळी बाजारात एक चक्कर मारा. रोहू, कटला बर्फावर निपचित. शेजारीच घमेल्यात, बोटभर पाण्यात, मरळ मात्र शेपटीचे फटकारे मारतेय. ‘जिती हाये ना?’ हे तिला बघून विचारायचीसुद्धा गरज नाही. रोहू आणि मरळ एकाच धरणातली असली, तरी एक गेला नि दुसरी जगली. हे कसं?

आधी रोहूचं बघू. त्याचं मरण फार चमत्कारिक आहे. लिटरभर हवेत दोनशे मिलिलिटरच्या वर ऑक्सिजन असतो. तीस अंशांच्या लिटरभर पाण्यात फार तर पाच-साडेपाच. म्हणजे रोहू गुदमरतो तो ऑक्सिजनच्या अक्षरशः कोठारात! आणि पाण्यातल्या त्या चिमूटभरावर मात्र तो वर्षानुवर्षं मजेत जगतो.

गुपित कल्ल्यात आहे. गिऱ्हाईक कल्ला उचलून ताजेपणा बघतं, आपण कारागिरी बघू. दोन्ही बाजूंना चार-चार कमानी, प्रत्येकीवर कंगव्यासारखे लालभडक दाते, आणि दात्यादात्यावर नाजूक पापुद्रे. तोंडातून घेतलेलं पाणी या पापुद्र्यांवरून बाहेर पडतं आणि आतलं रक्त वाहतं बरोबर उलट्या दिशेनं. उलटंच का? दोघं एकाच दिशेनं गेले असते, तर निम्म्यावर बरोबरी होऊन देवाणघेवाण थांबली असती. उलट वाहताना रक्ताला प्रत्येक पावलावर आपल्यापेक्षा श्रीमंत पाणीच भेटतं. जवळजवळ भरलेल्या रक्तासमोर अगदी ताजं पाणी, रिकाम्या रक्तासमोर सरत आलेलं. तरी त्यातही घेण्यासारखं काही उरलेलंच! ताक घुसळून लोण्याचा शेवटचा कण काढावा, तसं पाण्यातला ऐंशी टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन हे कल्ले ओढून घेतात. आपली फुफ्फुसं हवेतला जेमतेम पाव हिस्सा घेतात.

पण पाण्याबाहेर ओल्या कुंचल्याच्या केसांसारखे हे पापुद्रे एकमेकांना चिकटतात, आणि खेळ संपतो.

मरळीनं दुसरीच वाट काढली. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी आहे, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या अस्तराची. वर यायचं, हवेचा घोट घ्यायचा, परत तळाशी. पूर्णा नदीचं पात्र आटून डबकी उरली, तापलेल्या पाण्यातला ऑक्सिजन विरळ झाला, तरी हिचं अडत नाही. मात्र जाळ्यानं तिला पाण्याखालीच अडकवून ठेवलं तर? मरळ बुडून मरते. मासा, आणि बुडून!

आता आणखी एक कोडं. मांस, हाडं, सगळं पाण्याहून जड. मग रोहू तळाला का बसत नाही? घरी मासा साफ करताना पोटात एक चकचकीत पांढरी पिशवी निघते, भुईमुगाच्या शेंगेसारखी मध्ये कंबर असलेली. तिच्यात हवा असते. शरीराच्या सात-आठ टक्के जागेत मावणारी एवढीशी पिशवी सगळा जडपणा फेडते. अडचण एकच: दहा मीटर खोल गेलं की दाब दुप्पट, पिशवी निम्मी आणि मासा जड. म्हणून तो ती सारखी जुळवत राहतो. अन्ननलिकेला जोडलेल्या बारीक नळीतून जास्तीची हवा सोडून देतो, कमी पडली तर वर येऊन गिळतो.

आणि मला सर्वांत थक्क करतं ते हे: या पिशवीपासून थेट आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची एक साखळी गेलेली आहे. आवाजानं पिशवी थरथरते, हाडं तो थरकाप पुढे पोचवतात. भोई जाळं लावून पाण्यावर काठी आपटतो, तेव्हा रोहूला तो दणका पोटातून ऐकू येतो.