संवाद सहायक

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंपाने हाहाकार उडवल्यानंतर, जी दगडमातीची घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती त्यांच्या दुरुस्तीची योजना सरकारने हाती घेतली, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावांत स्थानिक स्त्रियांनाच ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. अनुदानाचे नियम घरोघर समजावून सांगणे, बांधकामावर देखरेख ठेवणे आणि गावाचे गाऱ्हाणे अंमलदारांपुढे निर्भयपणे मांडणे, ही कामगिरी उंबऱ्याबाहेर क्वचितच पडलेल्या स्त्रियांनी पार पाडली. प्रौढ शिक्षणाचा याहून सखोल पाठ कोणत्याही वर्गात मिळाला नसता, असे माझे निश्चित मत आहे.

याच अनुभवातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था आकारास आली. पुढे दुष्काळाने हे जिल्हे होरपळत असताना, घरच्या जमिनीपैकी एखादा एकर, नाहीतर अर्धा, स्त्रीने मागून घ्यावा आणि त्यात नगदी पिकाऐवजी डाळी, भाजीपाला व धान्य सेंद्रिय खतावर पिकवावे, हा मार्ग संस्थेने रूढ केला. 2016 साली संस्थेस संयुक्त राष्ट्रांचा ‘इक्वेटर’ पुरस्कार लाभला. बांगड्यांच्या विक्रीपासून आरंभ करून कुक्कुटपालनापर्यंत पोहोचलेल्या, संस्थेशी जोडलेल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार 2021 च्या नारीशक्ती पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. मात्र कसणारीचे नाव सातबाऱ्यावर चढणे हा फेरफार अनेक घरांत अद्याप व्हायचाच आहे, आणि या चळवळीचे खरे कार्य तेथेच उरले आहे.