हिवतापात माणूस नेमका कशाने दगावतो?

थंडी वाजून ताप भरतो, घाम फुटून उतरतो, एक दिवस आड पुन्हा भरतो. गोळ्या घेतल्या की मिटलं. हिवतापाची ओळख बहुतेकांच्या लेखी एवढीच असते. पण या आजारात जीव जातो तो अंग तापल्यामुळे क्वचितच. जातो तो मेंदू, मूत्रपिंडं, फुप्फुसं निकामी झाल्यामुळे, नाहीतर रक्त पार कमी झाल्यामुळे.

‘रक्तात जंतू थोडेच दिसले, म्हणजे आजार सौम्य’ ही समजूत तर घातकच आहे. बोटातून घेतलेला थेंब काचपट्टीवर पसरून पाहिला की फॅल्सिपॅरम जातीचे दिसतात ते बहुधा कोवळे, अंगठीच्या आकाराचे जंतू. वाढलेले जंतू त्या थेंबात येतच नाहीत. तांबड्या पेशीत शिरून दिवसभराचा काळ गेला की जंतू तिच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे तयार करतो आणि त्यांवर एक चिकट प्रथिन आणून ठेवतो. त्या प्रथिनामुळे पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटून बसते. रक्तासोबत वाहत राहिली असती तर प्लीहेने तिला गाळून नष्ट केलं असतं. जंतूकडे या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं असतात आणि तो ती आलटूनपालटून वापरतो, त्यामुळे प्रतिपिंडांनाही तो सहज सापडत नाही. अशा पेशी मेंदूत, मूत्रपिंडांत, आतड्यांत, गरोदरपणी वारेतही साचतात आणि तिथला रक्तपुरवठा तुंबतो.

मेंदूत पुढे काय होतं, हे मलावीतल्या ब्लँटायर शहरात प्रत्यक्ष पाहता आलं. संशोधक टेरी टेलर आणि सहकाऱ्यांनी हिवतापाने बेशुद्ध झालेल्या १६८ मुलांचे एमआरआय काढले. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. २५ मुलं दगावली. त्यांतल्या २१ जणांचा मेंदू खूप सुजलेला होता. कवटीत सुजेला जागा नसते. दाब मेंदूच्या बुंध्यावर येतो आणि श्वास थांबतो.

मग प्रतिकारशक्ती दणकट असली की झालं? तसंही नाही. पेशी फुटल्या की शरीर टीएनएफसारखी दाहकारक रसायनं सोडतं. ती जंतूंना आवर घालतात, पण रक्तवाहिन्यांचं अस्तर आणखी चिकटही करतात. शिवाय एका बाधित पेशीमागे कितीतरी निरोगी तांबड्या पेशी मारल्या जातात, म्हणून रक्त जंतूंच्या मानाने फार वेगाने घटतं. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करतं. डोळे पिवळे पडतात आणि घरचे काविळीच्या झाडपाल्यामागे धावतात. त्यात जाणारा एकेक दिवस फार महागात पडतो.

दाह स्टेरॉइडने दडपायचा प्रयत्नही करून झाला आहे. थायलंडमध्ये बेशुद्ध रुग्णांना डेक्सामेथासोन देऊन पाहिलं. १९८२ मध्ये निष्कर्ष आले. बेशुद्धी उलट लांबली, गुंतागुंत वाढली.

व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या जंतूने होणाऱ्या हिवतापाला ‘साधा’ म्हणायची जुनी सवयही सोडायला हवी. बिकानेरच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये व्हायवॅक्सचे गंभीर रुग्ण नोंदवले: कुणाला झटके, कुणाची मूत्रपिंडं बंद. २०२१ मध्ये इंडोनेशियातल्या पापुआतून आणखी एक गोष्ट पुढे आली. शस्त्रक्रियेत काढलेल्या प्लीहा तपासल्या, तेव्हा व्हायवॅक्सचे बहुतांश जंतू रक्तात नव्हे, प्लीहेत दडलेले होते.

गंभीर रुग्णाला आज शिरेतून आर्टेसुनेट देतात, त्याचं कारणही या चिकटण्यातच आहे. हे औषध कोवळे जंतू चिकटण्याआधीच मारतं. भारतासह चार आशियाई देशांतल्या चाचणीत क्विनाइन घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्ण दगावले, तर आर्टेसुनेट घेणाऱ्यांपैकी १५ टक्के. हा अहवाल २००५ चा. तरी फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका औषध सुरू झाल्यावर, रक्तातले जंतू कमी होत असतानाही राहतो. म्हणूनच ताप उतरलेल्या रुग्णाचाही श्वासाचा वेग आणि लघवीचं प्रमाण वॉर्डात मोजत राहतात.