सायकलवाटा (भाग ६) : वाशीमच्या मुक्कामांचा फेरा

मागच्या भागात आपण दक्षिण फ्रान्समधल्या मिदी कालव्याच्या काठाने गेलो. १६६६ साली काम सुरू झालेला हा २४० किलोमीटरचा कालवा. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी त्याच्या काठाने जी वाट राखली होती, तिच्यावर आज सायकली चालतात. ते वाचून आपल्याकडे असे काही होईल का, हा प्रश्न मनात येणारच. या आठवड्यात त्याचे उत्तर शोधायला मी वाशीम जिल्हा घेतला आहे. पर्यटनाच्या नकाशावर हा जिल्हा कोणी फारसा दाखवत नाही, म्हणूनच मुद्दाम.

आधी फ्रान्समधली एक व्यवस्था समजून घेऊ. तिथल्या द्रुतगती मार्गांवर सायकलला बंदी आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या त्या मार्गांवरून जातात आणि गावांना जोडणारे जुने रस्ते बऱ्यापैकी मोकळे राहतात. जिथे रस्ता फुटतो तिथे सायकलस्वारासाठी पांढऱ्या पाटीवर हिरव्या अक्षरांत पुढच्या गावाचे नाव असते. पाण्याची सोय तर थक्क करणारी. फ्रान्समध्ये फिरलेला कोणताही सायकलवाला सांगेल, की पाणी संपले तर गावाच्या दफनभूमीत जावे. थडग्यांवरच्या फुलझाडांना घालण्यासाठी तिथे नळ असतो. अनेक गावांनी तंबू ठोकायला स्वस्तातले मैदान राखलेले असते. रात्रीची चिंता नसली की माणूस दिवसभर निर्धास्त पायडल मारतो. रस्त्याचे डांबर गुळगुळीत असण्याला मी त्यामानाने कमी महत्त्व देतो. सायकलवाट बनते ती मुक्कामांच्या हिशोबाने. पाणी कुठे, जेवण कुठे, पाठ टेकायची कुठे, आणि एका मुक्कामापासून दुसऱ्याचे अंतर किती, हे आधी ठरते. रस्ता त्यामागून येतो.

हा हिशोब वाशीमला परका नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि देशभरचा बंजारा समाज तिला काशी मानतो. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घालणारे हे लोक. तांडा कुठे उतरवायचा, हे पाणी आणि चारा पाहून ठरायचे. दुसरे उदाहरण तर दरवर्षी डोळ्यांसमोर घडते. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी पातूरनंतर मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड अशी या जिल्ह्यातून जाते. दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे, कोणत्या गावाने न्याहारी द्यायची आणि कोणत्या गावाने पंगत, हे वाटेवरच्या लोकांना तोंडपाठ असते. शेकडो पाहुण्यांना एका सांजेला जेवू घालणाऱ्या गावाला चार सायकलवाले जड नाहीत. फक्त ते येणार आहेत, हे गावाला कळायला हवे.

आता फेरा सांगतो. वाशीम–शिरपूर–मालेगाव–शेलुबाजार–कारंजा–मंगरुळपीर–वाशीम. सगळा मिळून दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर, तीन दिवसांचा. रोज शंभर किलोमीटर मारणाऱ्यांना तो किरकोळ वाटेल, पण मी तो त्यांच्यासाठी आखलेला नाही. घरातल्या साध्या सायकलवर, वाटेत थांबत, माणसांशी बोलत जाणाऱ्यासाठी तो आहे.

पहिल्या दिवशी सकाळ वाशीममध्येच घालवावी. हे वाकाटकांचे वत्सगुल्म, त्यांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कित्येक लेणी कोरली गेली. बालाजीचे मंदिर आणि पद्मतीर्थ पाहून दुपार कलल्यावर शिरपूरकडे निघावे. पल्ला छोटा आहे आणि पहिल्या दिवशी तो छोटाच असावा. सामान नीट बांधले गेले आहे का, सीटची उंची बरोबर आहे का, हे पहिल्या दहा किलोमीटरांतच कळते. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे, दूरदूरचे जैन यात्रेकरू येतात, त्यामुळे राहण्याजेवण्याची घडी बसलेली आहे. जेवण सूर्यास्ताआधीच मिळेल हे लक्षात ठेवून पोचायची वेळ ठरवावी.

दुसरा दिवस मोठा, शिरपूर ते कारंजा. पहाटे उकडपेंडी पोटभर खाऊन निघावे. दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि पोट जडही होत नाही. सायकलपर्यटनाचा फ्रान्समधला आद्य प्रचारक पॉल द व्हिव्ही सांगत असे, की भूक लागण्याआधी खा आणि तहान लागण्याआधी प्या. वऱ्हाडातल्या उन्हात या सांगण्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.

या टप्प्याचा भूगोल मला फार आवडतो. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, तर वाशीम साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे हा जिल्हा पठारावर बसला आहे आणि त्याच्या माथ्यावरून पाणी दोन दिशांना वाटले जाते. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते आणि तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. अडाण आणि अरुणावती पैनगंगेकडे जातात, त्यांचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. मालेगावहून कारंज्याकडे जाताना तुम्ही एका समुद्राच्या खोऱ्यातून दुसऱ्याच्या खोऱ्यात जाता. मोटारीत बसून याचा पत्ता लागत नाही. सायकलवर मांड्यांना लागतो, कारण इथे मोठा घाट नसला तरी सपाटीही नाही. चढ, उतार, ओढा, पुन्हा चढ. उतारावर मिळालेला वेग पुलापलीकडच्या चढाला वापरायचा, ही हातोटी दुपारपर्यंत जमते.

याच टापूतून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सायकलला आणि दुचाकीलाही बंद आहे. याचा सायकलवाल्यांनी राग धरू नये असे मला वाटते. नागपूरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाड्या पूर्वी कारंजा–शेलुबाजार–मालेगाव–मेहकर याच जुन्या रस्त्याने जात. आता त्यांना वेगळी वाट मिळाली आहे. फ्रान्समध्ये जुने रस्ते सायकलसाठी मोकळे झाले ते याच कारणाने. आडवाटेने जाणार असाल तर आपला गावरस्ता समृद्धीखालच्या कोणत्या बोगद्यातून पलीकडे निघतो, ते आधी गावात विचारून घ्यावे. नाहीतर पलीकडचे शेत समोर दिसते आणि वळसा पडतो.

कारंजा लाड ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. गुरुमंदिराच्या भक्तनिवासात मुक्काम होतो. सकाळी तासभर जुन्या पेठेत पायी फिरावे. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी कारंज्यावर छापा घातला तो इथल्या सावकारीमुळे, बाजारपेठेच्या श्रीमंतीमुळे. जैन भांडारांतल्या हस्तलिखितांसाठीही हे गाव अभ्यासकांना माहीत आहे. गावाजवळ सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचे माळरान. वनखात्याच्या परवानगीनेच आत जावे. तिसऱ्या दिवशी मंगरुळपीरला दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे मंदिर पाहून वाशीमला परतता येते. तो शेवटचा पल्ला चाळीसेक किलोमीटरचा.

कारंज्यात एक गोष्ट पाहून मात्र जीव तुटतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला इथे थांबायची. अडीच फुटी रुळांवरची, इंग्रज कंपनीने बांधलेली ही ११३ किलोमीटरची लाइन. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आज गाडी बंद आहे. ब्रॉडगेज व्हावे ही लोकांची मागणी आहे आणि ती शंभर टक्के रास्त आहे. गरीब माणसाची गाडी परत यायलाच हवी. त्यासोबतच, बंद पडलेल्या रेल्वेवाटेचे काय करता येते, याचा एक नमुना फ्रान्समधल्या बर्गंडीत आहे. तिथे जिव्री ते क्लुनी या वाटेवर १९९७ मध्ये सायकलमार्ग सुरू झाला. रेल्वेला खडा चढ सोसत नाही, म्हणून तिची वाट मुळातच मंद उताराची असते. लहान मुले, म्हातारी माणसे, सगळ्यांना झेपणारी. ब्रॉडगेजचा आराखडा होईल तेव्हा रुळांच्या कडेला दोन मीटरची पट्टी राखली, तर शाळेत जाणाऱ्या पोरींना हमरस्त्यावर यावे लागणार नाही. मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातल्या मुलींना सायकली मिळतात. त्यांना चालवायला बिनधोक वाट मिळावी, ही मागणी पर्यटकांच्या सोयीच्या कितीतरी आधी येते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा सोयाबीन निघालेले असते, तूर उभी असते आणि हरभरा हिरवा. पावसाळ्यात डांबर सोडून पांदण रस्त्याला लागू नये. काळ्या मातीचा चिखल आधी टायरला चिकटतो, मग मडगार्डच्या आत थर धरतो, थर ब्रेकच्या रबराला टेकतो आणि चाक फिरायचेच थांबते. काडीने माती उकरून काढावी, तर दहा पावलांवर पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

कोरड्या दिवसांत त्रास बाभळीच्या काट्यांचा. कुंपणाच्या फांद्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात. पंक्चर झाले की ट्यूब काढून लगेच पॅच लावायची घाई करू नये. टायरच्या आतून अंगठा हळूहळू सगळीकडे फिरवावा. काटा बाहेरून मोडलेला असतो, टोक आत राहते आणि नखाला खुपते. ते चिमट्याने काढले नाही, तर नवी ट्यूबही पुढच्या गावापर्यंत टिकत नाही. भोक बारीक असेल तर ट्यूब हापशीखालच्या टाक्यात बुडवून बुडबुडा पाहावा, जागा पुसून कोरडी करावी, घासपेपर मारावा, सोल्युशन लावून ते सुकू द्यावे, मगच पॅच दाबावा. ओल्या सोल्युशनवरचा पॅच तासाभरात सुटतो.

या फेऱ्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहायची गरज नाही. फाट्यावर पुढचे गाव आणि अंतर लिहिलेली पाटी, तिच्यावर सायकलचे चित्र, आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नळाकडे दाखवणारा बाण, एवढे एखादे महाविद्यालय ग्रामपंचायतीला विचारून दोन रविवारांत करू शकेल. सुरुवात शिरपूर–मालेगाव टप्प्यापासून करावी. पालखीमुळे तिथल्या लोकांना वाटसरूंची सवय आहे.

पुढच्या भागात सामानाविषयी : कॅरिअरवर किती वजन ठेवावे, पिशव्या मागे बांधाव्यात की पुढे, आणि तीन दिवसांच्या प्रवासाला काय काय घरी ठेवून जावे.