विहिरीतला सूर, तलावातली लेन

जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा; भीड चेपली की सूर आणि मुटका. स्पर्धेच्या तलावातले शब्द मात्र वेगळे.

ऑलिंपिकचा तलाव ५० मीटर लांब, त्यातली प्रत्येक लेन अडीच मीटर रुंद. लेनचे तरंगते दोर हद्द दाखवतात, शिवाय शेजाऱ्याच्या लाटाही मोडतात. सूर मारायचा तो स्टार्टिंग ब्लॉकवरून. भिंतीच्या ५ मीटर अलीकडे वर पताका लावलेल्या असतात. बॅकस्ट्रोकवाला त्या दिसल्या की हात मोजू लागतो, म्हणजे डोकं भिंतीवर आपटत नाही. भिंतीवरचा टचपॅड हात लागताच वेळ नोंदवतो, तोही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

प्रकार चार: फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय. चारही एकाच शर्यतीत आले की ती मेडले. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक मिळवलं.

सरावात किकबोर्ड हातात धरून नुसते पाय मारायचे. पुल बॉय मांड्यांत धरून नुसते हात. विहीर असो वा तलाव, एकट्याने पाण्यात उतरू नका.