मळ्यातले डिझेल : साठवण, गाळण आणि घराची काळजी

पेठ-सांगली रस्त्यावर आष्टा गावाजवळ हंगामात उभे राहिले, की उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग संपत नाही. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधला हा पट्टा उसावर जगतो आणि ऊस डिझेलवर चालतो. नांगरट, रोटावेटर, भरणी, पाचटाची कुट्टी, वाहतूक, सगळे ट्रॅक्टरवर. आपल्या समाजातली अनेक घरेही याच साखळीत आहेत. कुणाची स्वतःची शेती आहे, कुणी भाड्याने ट्रॅक्टर चालवतो, कुणाचे गॅरेज आहे, कुणाचे वेल्डिंगचे दुकान. म्हणून मळ्याच्या कोपऱ्यात उभे असलेले डिझेलचे बॅरल हा आपल्याही घरचा विषय आहे.

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. पण शाळेत मुलांशी बोलताना लक्षात येते, की डिझेलचा कॅन कुठे ठेवला आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. तो तिथे का ठेवू नये हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते. मोठ्यांचेही पुष्कळदा तसेच. म्हणून हा लेख.

बॅरल का लागते?

साधारण ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जड कामाला तासाला चार ते सहा लिटर डिझेल खातो. दहा तास काम झाले तर दिवसाला पन्नास लिटर धरा. म्हणजे २०० लिटरचे बॅरल चार दिवसांत संपते. वाफसा आलेला असताना रोज ट्रॅक्टर पंपावर नेणे म्हणजे वेळही जातो आणि डिझेलही. म्हणून शेतकरी साठा करतो आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न फक्त नीट साठवण्याचा आहे.

जुने इंजिन आणि नवे इंजिन

डिझेल इंजिन या भागाला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. वीज पोहोचण्याआधी कितीतरी विहिरींवर ऑइल इंजिनेच पाणी उपसत होती. ती जुनी इंजिने दणकट होती. फडक्यातून गाळलेले डिझेल त्यांना चालून जायचे.

आता तसे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत फक्त १० भाग आहे. हवेसाठी ही चांगलीच गोष्ट. पण त्याचबरोबर इंजिनेही बदलली. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेल प्रचंड दाबाने नोझलच्या सूक्ष्म छिद्रांतून जाते. आतल्या सरकत्या भागांमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या विसाव्या भागाएवढा कणसुद्धा तिथे जाऊन घासतो. डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनच्या खालचे काही दिसत नाही. त्यामुळे ‘डिझेल स्वच्छ दिसते’ या वाक्याला आता अर्थ उरलेला नाही. डिझेल पंप आणि नोझल यांच्या दुरुस्तीचे बिल एकदा आले, की संपूर्ण हंगामाची कमाई हलते.

कायदा काय सांगतो?

पेट्रोलियम अधिनियम १९३४ आणि पेट्रोलियम नियम २००२ यांनुसार इंधनाचे वर्ग पाडले आहेत. पेट्रोल ‘अ’ वर्गात आहे. डिझेल ‘ब’ वर्गात येते, कारण ते पेट्रोलइतके पटकन पेट घेत नाही. ‘ब’ वर्गाचे इंधन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. मात्र कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे असता कामा नये. त्यापुढे जायचे असेल तर परवाना लागतो. हे काम पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे.

पेट्रोलची मर्यादा फक्त ३० लिटर आहे. फवारणी पंपासाठी किंवा मोटारसायकलसाठी आणलेले पेट्रोल डिझेलच्या बॅरलशेजारी ठेवू नये. दुसरे असे, की ही सवलत स्वतःच्या वापरासाठी आहे. बॅरलमधून गावात डिझेल विकणे हा वेगळा आणि बेकायदेशीर प्रकार आहे.

जागा कोणती?

राहत्या घरात, पडवीत, जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून बॅरल नको. गोठा, कडब्याची गंजी, पाचटाचा ढीग आणि विजेचा स्टार्टर यांपासूनही ते लांब हवे. पाचट पेटवण्याच्या दिवसांत ठिणगी कुठवर उडते हे शेतकऱ्याला सांगायला नको. विहीर किंवा बोअरच्या जवळही ठेवू नये, कारण झिरपलेले डिझेल पाण्यात उतरले तर ते पाणी पिण्याजोगे राहत नाही.

पत्र्याची छोटी शेड करावी, चारही बाजूंनी वारा खेळता ठेवावा. खाली सिमेंटचा कोबा आणि भोवती वीतभर उंचीचा कट्टा असावा. सगळ्यांत मोठे भांडे फुटले तरी त्यातले सगळे डिझेल कट्ट्याच्या आतच राहील, एवढा तो हवा. जवळ वाळूच्या दोन बादल्या आणि पावडरचा अग्निशामक ठेवावा. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतू नये. डिझेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे आगच पसरते.

बॅरल कसे असावे?

साधे लोखंडी, आतून कोरे आणि गंज नसलेले. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी वापरू नये. जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि तो फिल्टर बंद करतो. तांब्याची नळीही टाळावी. औषधाचे किंवा रसायनाचे जुने बॅरल धुऊन वापरण्याचा मोह नको. बाहेरून पांढरा रंग द्यावा, म्हणजे उन्हात कमी तापते.

बॅरल काठोकाठ भरू नये. डिझेल उन्हाने फुगते. वीस अंशांनी तापमान वाढले तर २०० लिटरचे तीन लिटरहून जास्त वाढते. तेवढी जागा वर मोकळी ठेवावी.

वेल्डिंग करणाऱ्या आपल्या भावांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. रिकामे बॅरल हे भरलेल्या बॅरलपेक्षा जास्त धोकादायक असते. आत वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. कापायला किंवा जोडायला घेतले, की ते बॉम्बसारखे फुटू शकते. गिऱ्हाईक कितीही घाई करो, इंधनाचे बॅरल नुसते पाण्याने विसळून वेल्डिंगला घेऊ नये.

आधी निवळू द्या, मग गाळा

आपल्या घरात गढूळ पाणी आले की आई ते आधी हंड्यात निवळू द्यायची आणि मग वरचे गाळून घ्यायची. डिझेललाही तोच न्याय लागू आहे.

बॅरल भरल्यावर किमान चोवीस तास हलवू नये. दहा मायक्रॉनचा मातीचा कण डिझेलमध्ये तासाला साधारण नऊ-दहा सेंटिमीटर खाली जातो. पुरुषाच्या कमरेएवढ्या उंचीच्या बॅरलात तो रात्रभरात तळाला बसतो. पण कणाची जाडी निम्मी झाली की बसायला चौपट वेळ लागतो. पाच मायक्रॉनच्या कणाला दीड दिवस पुरत नाही. पाण्याचे बारीक थेंब तर आणखी सावकाश उतरतात, कारण पाणी डिझेलपेक्षा थोडेच जड आहे. म्हणून निवळणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. उरलेले काम फिल्टरने करायचे.

मलमलच्या फडक्याची छिद्रे शेकडो मायक्रॉनची असतात. त्यातून पालापाचोळा अडतो, धूळ नाही. उलट फडक्याचे तंतूच आत जातात. त्याऐवजी बॅरलवर हाताने फिरवायचा पंप बसवावा. त्याची आतली नळी तळापासून चार बोटे वर संपावी, म्हणजे साका ओढला जात नाही. पंपाच्या बाहेरच्या बाजूला दोन फिल्टर ओळीने लावावेत. पहिला ३० मायक्रॉनचा, पाणी वेगळे करणारा आणि खाली काचेची वाटी असलेला. दुसरा १० मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक. ट्रॅक्टरचा स्वतःचा फिल्टर हा शेवटचा पहारेकरी आहे. सगळी घाण त्याच्यावर सोडू नये.

फिल्टर बसवताना त्यावर तारीख लिहावी. धार बारीक झाली किंवा वर्ष झाले की बदलावा. पेट्रोलने धुऊन किंवा हवा मारून कागदी फिल्टर पुन्हा वापरू नये. कागद आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. ट्रॅक्टरचा फिल्टर बदलल्यावर एअर नीट काढावी. नवा फिल्टर डब्यातल्या कच्च्या डिझेलने भरून बसवला, तर तेच न गाळलेले डिझेल थेट पंपात जाते.

पाणी हा खरा शत्रू

पाणी कुणी ओतत नाही, ते आपोआप येते. रात्री हवा गार झाली की रिकाम्या जागेतल्या बाष्पाचे थेंब पत्र्याला लागून खाली उतरतात. म्हणून ट्रॅक्टरची टाकी सकाळी नव्हे, संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या तोंडाभोवती पावसाचे पाणी साचते आणि बॅरल थंड होऊन आकसले की ते आत ओढले जाते. शेड नसेल तर बॅरल थोडे कलते ठेवावे आणि तोंड वरच्या बाजूला घ्यावे.

डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात. फिल्टरमध्ये काळपट, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर समजावे, की तळाला पाणी आहे. बायोडिझेल मिसळलेले इंधन पाणी जास्त धरते. त्यामुळे साठा तीन महिन्यांत संपवावा, जुना आधी वापरावा. हंगामाच्या शेवटी बॅरल पूर्ण रिकामे करून तळाचा साका काढावा. तो ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये.

तपासणी सोपी आहे. तळाचे थोडे डिझेल काचेच्या बरणीत घेऊन रात्रभर ठेवावे. सकाळी खाली वेगळा थर किंवा धूसरपणा दिसला तर पाणी आहे. पंपावर खरेदी करताना पावती घ्यावी. घनता तपासून मागणे आणि पाच लिटरच्या मापाने मोजून मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून कमी दरात मिळणारे द्रव घेऊ नये. लिटरमागे वाचलेले चार पैसे पुढे नोझलला मोजावे लागतात.

महापुराची आठवण

२०१९ आणि २०२१ चे महापूर आपण विसरलेलो नाही. पाणी चढले तेव्हा अनेकांना वाटते, की भरलेले बॅरल जड आहे, ते जागचे हलणार नाही. हिशेब करून पाहा. २०० लिटर डिझेलचे वजन साधारण १६६ किलो, बॅरलचे अठरा-वीस. एकूण १८६ किलो. पण ते बॅरल २०० लिटरहून जास्त, म्हणजे २०० किलोहून जास्त पाणी बाजूला सारते. म्हणजे काठोकाठ भरलेले बॅरलही तरंगते. वाहत जाऊन ते दुसऱ्याच्या विहिरीत, शेतात, घरात डिझेल सोडते. म्हणून नदीकाठच्या मळ्यात पावसाळ्यात साठा कमी ठेवावा, झाकण घट्ट करावे आणि बॅरल साखळीने खांबाला बांधावे. पूर ओसरल्यावर त्या बॅरलमधले डिझेल तपासल्याशिवाय ट्रॅक्टरला घालू नये.

घरातली माणसे

शेवटी सगळ्यांत महत्त्वाचे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत डिझेल कधीही भरू नये. तहानलेले मूल रंग पाहत नाही. तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची सवय तर लगेच सोडली पाहिजे. एक घोट फुप्फुसात गेला तरी जिवावर बेतते. कुणी डिझेल प्यायले तर उलटी करायला लावू नये. मीठ-पाणी किंवा दूधही पाजू नये. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. १०८ ला फोन करावा आणि रुग्णालय गाठावे.

डिझेलने हात धुण्याने कातडी फाटते आणि खाज सुटते. भिजलेले कपडे लगेच बदलावेत, चुलीजवळ वाळत घालू नयेत. वुजूला बसण्याआधी आणि जेवणाआधी हात साबणाने स्वच्छ करण्याची सवय ड्रायव्हर मंडळींनी लावून घ्यावी.

आणि शेडमध्ये एक वही टांगलेली असावी. किती डिझेल आले, किती काढले, कोणत्या कामाला आणि किती तास. लाकडी पट्टीवर खुणा करून रोज माप घ्यावे. ड्रायव्हरच्या हाती दिलेले डिझेल ही मालकाची अमानत असते. पण ड्रायव्हरची इज्जत हीसुद्धा मालकाकडची अमानतच आहे. वही नसली की गळती झाली तरी संशय माणसावर जातो. कित्येक वर्षांचे संबंध अशा दहा-वीस लिटरवरून तुटतात. वही असली की फुटका कॉक कोण आणि चोर कोण हे कागदच सांगतो.

शेड, पंप, दोन फिल्टर आणि एक वही, एवढ्यात हे काम होते. खर्च एकदाच आहे. फिल्टर तेवढे वेळेवर बदलायचे. इसराफ टाळा, असे आपण मुलांना नळ बंद करताना सांगतो. मळ्यात गळणाऱ्या कॉकखालीही तेच सांगायला हवे.