डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळा नको

निगडीच्या आमच्या घरात वडिलांची जुनी सागवानी खुर्ची आहे. गुडघे दुखू लागल्यापासून उठताना ते सगळा भार तिच्या हातांवर देतात. एका उन्हाळ्यात ती डुगडुगू लागली. मी घाईघाईने सांध्यात दोन खिळे ठोकले. पंधरा दिवसांत खुर्ची पुन्हा हलू लागली, वर लाकडाला चीर गेली. वडील पडता पडता वाचले.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना ढिला नट आवळायची सवय असते. लाकडाचे तसे नाही. पावसाळ्यात ते ओलाव्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. आडव्या पट्टीचे टोक पायाच्या भोकात बसवलेले असते. फुगायला जागा नसल्याने त्याचे तंतू दबतात आणि सुकल्यावर ते आधीपेक्षा बारीक होते. अशी काही वर्षे गेली की चिकटवलेला सांधा सुटतो. खिळा तो जोडत नाही, उलट हलता हलता स्वतःचेच भोक मोठे करतो.

आधी दोष ओळखा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून हलवा. सांधे घट्ट असून ती डुलत असेल, तर एक पाय आखूड आहे. त्याखाली रबराचा तुकडा चिकटवा. बाकीचे पाय कापत बसलात, तर खुर्चीचा पाट होईल!

सांधाच हलत असेल, तर खुर्ची उलटी करा. आधी खिळे आणि स्क्रू काढा. प्रत्येक जोडाला खडूने आकडा घाला. फडके गुंडाळलेल्या हातोडीने हलके ठोकून सैल झालेले सांधे तेवढे सोडवा. जुना फेव्हिकॉल खरवडून काढा, कारण त्याच्यावर नवा धरत नाही. मात्र लाकूड झिजवू नका. फार जुन्या खुर्चीत सरस असेल, तर तो कोमट पाण्याने मऊ होतो. टोक सैल बसत असेल, तर रंध्याची पातळ ढलपी फेव्हिकॉल लावून त्यावर चिकटवा.

आता टोकाला आणि भोकात, दोन्हीकडे फेव्हिकॉल लावून सांधा बसवा. पायांभोवती सुतळीचे दुहेरी वेढे घाला, मधे काठी अडकवून पीळ द्या. चारही पाय फरशीला टेकतात ना, ते लगेच पाहा. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने पुसा आणि खुर्ची २४ तास तशीच राहू द्या.

बैठकीखालच्या कोपऱ्यात तिकोनी ठोकळा स्क्रूने बसवला, तर आणखी बळकटी येते. आपल्याकडे यंत्रांच्या खोक्यांचे पाइनचे लाकूड भंगारात मिळते. त्यावर ‘एचटी’ शिक्का असेल, तर ते आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले असते. ‘एमबी’ शिक्क्याचे लाकूड घेऊ नका. त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते.

पायालाच उभी चीर असेल, तर मात्र सुतार गाठा. नाहीतर दुसऱ्या दिवशी आधी स्वतः बसा, हातांवर भार देऊन उठून पाहा. मगच वडिलांना हाक मारा.