मिग-२१ : लढाऊ स्क्वॉड्रनवर पडलेला शाळेचा भार

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाले. हवाई दलातली त्याची बासष्ट वर्षांची सेवा ज्या तळावर सुरू झाली होती, तिथेच ती संपली. त्या आठवड्यात आलेल्या लेखांचे सूर दोनच होते. एकात १९७१च्या युद्धातला पराक्रम होता, डिसेंबरमध्ये ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर झालेला हल्ला होता. दुसऱ्यात अपघातांची जंत्री आणि ‘उडती शवपेटी’ हे घासून गुळगुळीत झालेले नाव. दोन्ही सुरांत तथ्य आहे. पण दोन्हीकडे विमानच नायक आणि विमानच खलनायक. ज्या स्क्वॉड्रन ते उडवत होत्या, त्यांच्याकडून आपण कोणकोणती कामे करून घेतली, हा प्रश्न बाजूलाच राहिला. माझ्या मते या इतिहासाची किल्ली त्या प्रश्नात आहे. सीमेवर सज्ज राहण्यासाठी उभारलेल्या स्क्वॉड्रनकडून आणि तिच्या विमानाकडून आपण अनेक वर्षे एका न विकत घेतलेल्या प्रशिक्षण विमानाचे कामही करून घेतले.

स्क्वॉड्रनने शिकवणे यात मुळात गैर काही नाही. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने आणि क्रॅनवेलहून शिकून आलेले पाच भारतीय वैमानिक होते. स्क्वॉड्रन म्हणजेच हवाई दल आणि तीच शाळा. आजही नवा वैमानिक रुजू झाला की तो लगेच लढाईला लायक मानला जात नाही. उड्डाणाआधी ब्रीफिंग, मग अनुभवी साथीदाराच्या पंखाला पंख लावून उड्डाण, उतरल्यावर डीब्रीफिंग आणि त्यात चुकांची निर्दय चिरफाड, असे महिनोन्‌महिने चालते. पण हे लढायचे शिक्षण आहे. वेगवान जेट विमान सांभाळणे त्याला आधीच येत असावे, हे यात गृहीत धरलेले असते. मिग-२१च्या बाबतीत नेमके हे गृहीतक ढासळले.

सुरुवातीला तसे नव्हते. १९६३ मध्ये चंदीगडला उभ्या राहिलेल्या २८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुख होते विंग कमांडर दिलबाग सिंग. त्यांच्यासह मोजके, मुरलेले वैमानिक सोव्हिएत संघात जाऊन मिग शिकून आले. त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठीही मध्ये पायऱ्या होत्या: व्हँपायर, मग हंटर. ही विमाने जुनी होत गेली आणि एकेक पायरी निखळली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेजपूरला मिग-२१साठी खास प्रशिक्षण युनिट निघाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘मॉफ्टू’ म्हणत. इथे येणारा तरुण किरणसारख्या शांत, समंजस विमानावरून उतरून थेट ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या विमानात बसत असे. खरी परीक्षा मात्र त्या वेगाची नव्हती, उतरण्याची होती. मिगचे त्रिकोणी पंख कमी वेगात फारसा आधार देत नाहीत. नाक वर धरून, इंजिनाचा जोर राखून, ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास धावपट्टीवर यायचे. जोर जरा कमी पडला की विमान झपाट्याने खाली बसते, आणि इंजिनाला पुन्हा जोर धरायला लागणारे क्षण तेवढ्या उंचीवर हाताशी नसतात. दोन आसनी मिग-२१यूएममध्ये मागे बसलेल्या प्रशिक्षकाला पुढचे नीट दिसतच नसे. धावपट्टी पाहण्यासाठी त्याच्या डोक्यावर छोटा पेरिस्कोप बसवलेला होता. शिकवणाऱ्यानेच आरशातून वाट पाहावी अशी ज्याची रचना, ते विमान शिकाऊ मुलांसाठी बनवलेले नव्हते, हे वेगळे सांगायला नको.

हे कुणाला कळत नव्हते असेही नाही. १९८२ मध्ये एअर मार्शल डेनिस ला फाँतेन यांच्या समितीने मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस केली. तेव्हा हवाई दलप्रमुख होते दिलबाग सिंग, म्हणजे पहिली मिग स्क्वॉड्रन उभी करणारा माणूस. पुढे १९८५ मध्ये ला फाँतेन स्वतः प्रमुख झाले. निदान करणारे आणि रोग्याला आतून ओळखणारे, दोघेही सर्वोच्च खुर्चीवर बसून गेले, तरी औषध आले नाही. १९९१चा परकीय चलनाचा पेच, हॉक घ्यायचे की अल्फा जेट हा घोळ, किमतीची घासाघीस, कारणांना तोटा नव्हता. १९९७ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांच्या समितीनेही तेच सांगितले. ६६ हॉक विमानांचा करार मार्च २००४ मध्ये झाला, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती बिदरला सेवेत आली. शिफारशीपासून सव्वीस वर्षे!

यावर पहिला आक्षेप असा, की सगळे प्रशिक्षणावर ढकलून यंत्राला मोकळे सोडता येत नाही. बरोबर आहे. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली होती आणि १७१ वैमानिकांचा बळी गेला होता. कारणे त्यांनी दोन सांगितली: मानवी चूक आणि तांत्रिक बिघाड. सोव्हिएत संघ फुटल्यावर सुट्या भागांची आबाळ झाली, इंजिन एकच, त्यात पक्ष्यांची धडक. २००१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मिग-२१च्या अपघातात मृत्यू झाल्यावर त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वैमानिकावर ठपका ठेवण्याच्या पद्धतीविरुद्धच मोहीम उघडली होती. ‘मानवी चूक’ हा शेरा फार सोयीचा असतो. शेऱ्यातला मानव म्हणजे बहुधा कॉकपिटमधला एकटा तरुण. फायली दाबून बसलेले त्यात धरले जात नाहीत. यंत्राचा दोष मान्य केल्याने माझा मुद्दा हलका होत नाही, उलट जड होतो. क्षमा न करणारे यंत्र आणि अपुरी पूर्वतयारी यांची गाठ घालून देणे हा निर्णय होता, आणि तो वर्षानुवर्षे न घेतलेल्या निर्णयाच्या रूपाने घेतला गेला. हॉक आल्यानंतरही मिग पडले, २०२१ मध्ये तर अनेक पडले, हेही खरे. पण तोवर उरलेली विमाने वयाने थकली होती. पायरी बांधली म्हणून जुने छत टिकत नाही.

दुसरा आक्षेप ताकदीचा. स्क्वॉड्रन कमी, मग चांगली विमाने शिकवण्यात का अडकवायची? त्याला १९७१चेच उत्तर आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत आदमपूरला डावपेचांचा अभ्यास आणि प्रशिक्षण यांसाठी एक स्क्वॉड्रन निघाली. पुढे तिचेच ‘टॅक्डे’ झाले आणि आज ते ग्वाल्हेरला आहे. ही शाळा युद्धात बंद राहिली नाही. तिच्या मिग आणि सुखोई-७ विमानांनी रात्रीच्या अंधारात एकेकट्याने जाऊन पाकिस्तानी तळांवर हल्ले केले. कमी उंचीवरून एकट्याने शिरण्याचे तंत्र तिने आधी घोटले होते म्हणूनच ते जमले. प्रशिक्षणाला दिलेली विमाने लढाईतून वजा होतात, हा हिशेब कागदावर बरा दिसतो. टॅक्डे आणि मॉफ्टू यांतला फरकही इथेच आहे: एकीकडे तयार वैमानिकाला धार लावली जात होती, दुसरीकडे कच्च्याला रेटले जात होते.

नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने याच मिगची पिढीच्या पिढी बांधली. तिथेच ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस एमके-१एची नवी उत्पादन साखळी सुरू झाली, आणि एचटीटी-४० या प्राथमिक प्रशिक्षण विमानाचीही. मिगच्या निरोपाच्या आदल्याच दिवशी ९७ तेजसचा करार झाला. त्याच्या किमतीवर पुष्कळ लिहिले गेले, पण मला लक्षणीय वाटतो तो त्यातला दोन आसनी विमानांचा आकडा: २९. आधीच्या ८३ विमानांच्या करारात अशी विमाने फक्त १० होती. म्हणजे शिकवण्याची तरतूद या वेळी विमानासोबतच खरेदी झाली आहे. प्रशिक्षणाच्या मधल्या पायरीवर मात्र अजून किरणच उडते आहे. त्याचे पहिले उड्डाण १९६४चे. त्याची जागा घेण्यासाठी बनवलेले एचजेटी-३६ पहिल्यांदा २००३ मध्ये उडाले, आणि अजून एकाही कॅडेटच्या हाती आलेले नाही.